दुसऱ्यांदा विचारणं

आज घरापासून लांब, परमुलखात, मोठ्या साहेबांच्या बोलण्याचा तर्जुमा करून पोट भरतो. चौथीत शाळा सुटली. उर्दू शिकलो ती अकोल्याच्या बाजारात भाजी विकता विकता. तरी अमरावतीच्या एका म्हाताऱ्या मुन्शींनी मला कचेरीत दुभाष्या म्हणून घेतलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. त्यांनी एकच नियम दिला होता : "जेवढं बोलले तेवढंच सांगजो. आपली अकल घरी खुंटीले टांगून येत जाय."

त्या हिवाळ्यात हैदराबादचे वकीलसाहेब, म्हणजे निजाम सरकारचे प्रतिनिधी, डाकबंगल्यावर उतरले. सकाळीच आमच्या बार्शीटाकळीकडचा एक म्हातारा माळी माझ्या दाराशी आला. फुलं विकायला गेलेला त्याचा एकुलता लेक निजामाच्या हद्दीत मारामारीत धरला गेला होता. तीन महिने कैदेत, खोकल्यानं बेजार. वकीलसाहेबांच्या एका चिठ्ठीनं सुटला असता.

"तू हायेस म्हणून आलो, बापू. मले त्यायची भाषा काय समजते?"

"भिऊ नका मामाजी. मी हावो ना."

डाकबंगल्यावर त्याची पाळी आली. वकीलसाहेबांनी हसून विचारलं, काही हवं आहे का. मी ते सांगितलं. म्हाताऱ्यानं हात जोडले.

"नाही जी. तुमची मेहेरबानी हाय. सारं बेस हाय."

आमच्याकडे पहिल्या विचारण्याला कोणी हो म्हणत नाही. सोयऱ्याकडे ताट वाढलं तरी 'जेवूनच आलो' म्हणायचं. त्यानं हात धरला की मग बसायचं. मागायला गेलेला माणूसही आधी सारं बेसच सांगतो. साहेबांना हे कुठून ठाऊक? 'एकदा पुन्हा विचारा, हुजूर' एवढंच मला म्हणायचं होतं. पण मागे मुन्शी बसलेले. नोकरी नवी.

"काही नको म्हणतो. आपली मेहेरबानी आहे. सगळं ठीक आहे," मी उर्दूत सांगितलं. शब्दाला शब्द.

साहेब खूश होऊन पुढच्याकडे वळले. चपराशानं म्हाताऱ्याला दंडाला धरून पायऱ्या उतरवल्या. तो वळून वळून माझ्याकडे पाहत होता. आता पुन्हा विचारतील, असंच त्याला वाटत असावं.

साहेबांची मोटार गेल्यावर मी मुन्शींना सगळं सांगितलं.

"अबे, मंग मले काहून नाही विचारलं? मी मांगंच त बसलो होतो!"

त्याच दुपारी त्यांनी स्वतः अर्ज लिहून धाडला. उत्तर आलं तेव्हा पोरानं कैदेतच प्राण सोडून आठ दिवस झाले होते.

तो निरोप घेऊन मीच बार्शीटाकळीला गेलो. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग उठून त्यानं माझ्यापुढे भाकर ठेवली.

"जेव, बापू. लांबून आला."

"नको, मामाजी."

त्यानं माझा हात धरला. "अरे, बस ना. जेव."

बसलो. भाकरीचा तुकडा मात्र हातातच राहिला.