नवरीची एन्ट्री

बाळांनो, कळंबच्या लग्नाचा व्हिडिओ पाहून तुम्ही ‘सुपर!’ लिहून मोकळे झालात. मी मात्र त्या दिवसापासून अस्वस्थ आहे. का, ते सांगते.

हल्ली आपल्याकडे मुहूर्ताइतकीच ‘एन्ट्री’ ठरवावी लागते. नवरदेव गॉगल लावून बुलेटवर येणार, मागे धूर, त्यावर सध्या गाजणाऱ्या पिक्चरमधल्या दाढीवाल्या हिरोचं गाणं. नवरीने मात्र भावांनी धरलेल्या फुलांच्या चादरीखालून मान खाली घालून यायचं. तुमच्या या बहिणीने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या नातीने, हळदीदिवशी जाहीर केलं, "मीबी बुलेटवरच येणार. त्याच गाण्यावर."

माझी बहीण हादरली. "अक्का, तू इंग्रजी शिकलेली, तुझं ऐकंल ती. सासरचे बिथरले आन् मांडवातच लग्न मोडलं तर?"

मी समजवायला गेले. "अगं, त्या पिक्चरमध्ये हिरॉईनपण असेल ना? तिच्यासारखी ये."

"ती काय करती, आज्जी? दोन गाण्यांत नाचती आन् मग रडती. तिच्यावानी कोण व्हईल?"

तो हिरो कुणाला विचारत नाही, कुणाचं ऐकून घेत नाही. नवऱ्याला तोच व्हायचं होतं आणि नवरीलाही तोच. अशी दोघं एका स्वयंपाकघरात कशी राहतात, ते कुठल्याच पिक्चरमध्ये दाखवत नाहीत.

ती बुलेटवर आली. शिट्ट्या पडल्या. नवऱ्याचे वडील खाली बघत राहिले. विहीणबाई एवढंच म्हणाल्या, "डायवर लई झकास मिळाली." पण लग्न लागलं.

पाठवणीला नवरदेव स्वतःच गाडी चालवायला बसला. ती पुढच्या दाराशी गेली, तशा विहीणबाई म्हणाल्या, "तू मागं बस, बाई. पुढं मामा बसत्याल."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो आरसा नीट करत होता. गप्प. हिरोला शोभेल असा गप्प.

तिने दार उघडलं आणि पुढेच बसली. नवरदेवाचे मामा मुकाट्याने दुसऱ्या गाडीकडे गेले. नवरदेवाने गाडी सुरू केली. रागावला नाही, हसलाही नाही.

गाडी येडशीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी मांडवाबाहेरून तिच्या मागच्या काचेतून त्यांची दोन डोकी बघत उभी होते. एकही दुसऱ्याकडे वळलं नाही.