आईची सही
तापलेल्या पत्र्याचा वास आला की भूकंपानंतरची ती दुपार आठवते. गाव पडलं होतं, आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो आणि शाळाही शेजारच्याच शेडमध्ये भरायची. उन्हाच्या तिरिपेत धूळ संथ तरंगत होती. उदगीरहून येणारे सर सांगत होते, अमेरिकेत काळ्या माणसांना गुलाम करून ठेवलं होतं. अक्षरं शिकताना सापडले तर मालक चाबकाने फोडून काढायचे, तरी ते रानात लपून शिकले. मला न्यायला आलेली आई दाराशी ऐकत उभी होती. रोजंदारीवर जाणारी, कधी शाळेत न गेलेली. ती एकदम म्हणाली, "सर, मार खाऊन शिकले व्हय ते? मंग मला कोण मारायलंय? माझं नाव लिहाया शिकवा." सर हसले नाहीत. त्यांनी तिच्या हातात खडू दिला आणि पोरांना सरकून जागा करायला सांगितली. काही वर्षांनी लातूरला मला शिकवणीत घालताना कारकुनाने अंगठ्यासाठी शाई पुढे केली. आईने ती बाजूला सारून पेन मागितला. मागे मोठी रांग होती, तरी तिने एकेक अक्षर सावकाश काढलं. आज मी दिवसभर सह्या करते. तिच्या त्या सहीइतकी मानाची एकही होत नाही.