दोन त्यागमूर्ती आणि बदलापूरची हवा

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून आमचा टेम्पो निघाला तेव्हा आई रडत होती आणि बाबा तिला म्हणत होते, "अगं, पुरे आता आनंदाश्रू." आईनं लगेच डोळे पुसले. यांना वाईट वाटायला नको, असं तिच्या मनात. मी मागे लोखंडी कपाट आणि गाद्यांच्या मधल्या फटीत, मांडीवर तुळशीची कुंडी घेऊन बसले होते. शेजारच्या लाजवंती आंटी ओढणीनं नाक पुसत टेम्पोबरोबर चार पावलं चालल्या. "जा रहे हो तो जाओ," त्या म्हणाल्या, "मगर वहाँ पापड़ अच्छा नहीं मिलेगा." आम्ही चाललो होतो बदलापूरला. दोन स्टेशनं पुढे.

आता मी हॅम्बुर्गला असते. इथे कचरा चार रंगांच्या डब्यांत टाकते, रविवारी आवाज चालत नाही म्हणून मिक्सर लावत नाही, घरमालकाशी 'टर्मिन', म्हणजे आधी वेळ ठरवून, बोलते. तरी कुणी स्थलांतर म्हटलं की मला विमान आठवत नाही, तो टेम्पोच आठवतो. तुम्ही मागे राहिलेले असा नाहीतर माझ्यासारखे बाहेर पडलेले, तुमच्याही घरात कुणीतरी कुणासाठी तरी काहीतरी सोडलेलं असणारच. म्हणून सांगते.

बदलापूरचं खूळ निघालं ते पोह्यांवरून. बाबा अंबरनाथ एमआयडीसीत एका इंजिनिअरिंग कंपनीत ऑफिसर होते. त्यांच्या एका सहकाऱ्यानं बदलापूरला फ्लॅट घेतला, आम्ही बघायला गेलो, तिथे पोहे आले. पोह्यांबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आई हवेबद्दल बोलली. "किती छान मोकळी हवा आहे हो इथे!" बाबांनी ते काळजात कोरून घेतलं. माझ्या बायकोनं अख्खा जन्म कॅम्पातल्या गल्लीत काढला, तिला हवा मिळालीच पाहिजे. ते उठता-बसता बदलापूरचं नाव काढू लागले. आईला वाटलं, यांचं एवढं स्वप्न आहे, आपण कोण मोडता घालणार? ती म्हणाली, "मला काय, तुम्ही म्हणाल तिथे." अशा रीतीनं एकालाही न विचारता दोघांच्या संमतीनं घर विकलं गेलं.

शाळेत निःस्वार्थ प्रेमावर निबंध लिहिताना आम्ही हमखास मेणबत्ती पेटवायचो. स्वतः जळून दुसऱ्याला प्रकाश देणारी. आमच्या घरात अशा दोन मेणबत्त्या समोरासमोर होत्या. उजेड एवढा, की कुणाला काही दिसत नव्हतं.

नव्या घरी आई गॅलरीत उभी राहून दीर्घ श्वास घ्यायची आणि बाबा समाधानानं तिच्याकडे बघायचे. मग हळूहळू आईच्या साड्यांना फॉल-पिकोची गरज फार भासू लागली, आणि फॉल-पिको उल्हासनगरलाच चांगलं होतं. बाबांना तिथल्याच न्हाव्याची सवय. डोक्यावर केस बेताचेच, पण कटिंग वारंवार.

एका शनिवारी आईबरोबर साड्यांची पिशवी घेऊन मीही गेले. टेलरकडे न थांबता आई सरळ लाजवंती आंटींच्या दारात. आत टेबलाशी बाबा बसले होते. केस जसेच्या तसे. ते पकवान, म्हणजे सिंध्यांची ती कडक पुरी, मोडून डाळीत बुडवत होते.

"न्हाव्याकडे गर्दी होती," बाबा म्हणाले.

"मी फॉल..." आई म्हणाली आणि पिशवीकडे बघत राहिली.

मग जे सुरू झालं त्याला भांडण म्हणायचं की आरती, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तुझ्यासाठी गेलो. मी तुमच्यासाठी गेले. तुझ्या हवेसाठी! तुमच्या स्वप्नासाठी! दोघंही एकमेकांवर उपकारांची फेकाफेक करत होते. आंटींनी शेवटी पातेल्यावर झारा आपटला. "अड़े बस! तुम दोनों का त्याग सुन के मेरा बीपी बढ़ गया. सीधा बोलो ना, किसको क्या मांगता है?"

आई खुर्चीची पाठ धरून उभी होती. "मला परत यायचंय," ती म्हणाली. "मला. कुणासाठी म्हणून नाही."

आता बाबा उठून 'मलाही' म्हणणार, अशी माझी खात्री होती. आंटींचे डोळेसुद्धा भरून आले होते.

बाबा म्हणाले, "मला नाही यायचं गं."

"म्हणजे?"

"मला आवडायला लागलंय तिथे. सकाळी नदीपर्यंत फिरून येतो. गॅलरीत भेंडी धरलीय."

"मग इथे काय करताय?"

"दाल पकवान खातोय," बाबा खरंखरं म्हणाले.

आई तिथेच राहिली. "तुम्ही जा तुमच्या भेंडीजवळ," म्हणाली आणि आंटींच्या आतल्या खोलीत पिशवी नेऊन ठेवली. मी आणि बाबा बदलापूरला परतलो. एक दिवस, दोन दिवस, आई येईना. फोन केला तर आंटी म्हणायच्या, "पापड़ बेल रही है, बाद में." आम्ही रोज भेंडी खाल्ली. बाबा ताटाकडे बघत बसायचे. त्या दिवसांत मला खरोखर भीती वाटली, की खरं बोलल्यामुळेच हे घर मोडणार.

शेवटी बाबा गेले. त्यांनी आंटींच्या दारातच सांगितलं, "तुझ्याशिवाय मला जेवण जात नाही. हे तुझ्या भल्यासाठी नाही सांगत, माझी गैरसोय होतेय." आईला हसू आवरेना. एवढं प्रेमाचं वाक्य तिनं त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं म्हणे.

मग तोडगा निघाला अंबरनाथचा. बरोबर मध्ये. बदलापूरचा फ्लॅट भाड्यानं दिला आणि शिवमंदिराच्या बाजूला भाड्याची जागा घेतली. ती दोघांनाही आवडली नाही. आईच्या मते आंटी फार लांब, बाबांच्या मते गॅलरीला सकाळचं ऊन नाही. दोघं आपापल्या नावानं तक्रार करतात आणि तब्येती ठणठणीत आहेत.

शूर कोण, असं कुणी विचारलं तर माझ्या डोळ्यांपुढे खुर्चीची पाठ धरून उभी असलेली आई येते. त्याग करायला आमच्याकडे कधी धैर्य लागलंच नाही, ती हाडात मुरलेली सवय होती. धैर्य लागलं ते 'मला हवंय' म्हणायला. आणि त्याहून जास्त, समोरच्याचं 'मला नकोय' ऐकून पुन्हा त्याच्याच ताटाशेजारी ताट मांडायला.

माझं लग्न झालं, आम्ही जर्मनीला निघालो. विमानतळावर सगळ्या आया मुलांना सांगत होत्या, आमची काळजी करू नका. माझी आई म्हणाली, "काळजी कर. फोन कर. मला अजिबात करमणार नाहीये."

इथे येऊन पहिले कितीतरी महिने मी फोनवर "मस्त चाललंय" एवढंच म्हणायचे. त्यांना त्रास नको म्हणून. मागच्या हिवाळ्यात एकदा चारलाच अंधारून आलं होतं. नवरा ऑफिसात, खालच्या मजल्यावरच्या बाईनं माझ्या फोडणीच्या वासाबद्दल दारावर चिठ्ठी लावलेली. आईचा फोन आला.

"मजेत ना?"

"नाही गं. आज नाही. मला घरी यायचंय."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज, आणि आई बाबांना म्हणाली, "अहो, तो टीव्ही बंद करा जरा." मग मला म्हणाली, "हां. आता नीट बोल."