हात वर केला की

"दुखतं कुठे? दारात, की आत माजघरात?"

चष्मा कपाळावर चढवून आमच्या डॉक्टरीणबाई बायकांना हे विचारत. तेही शरीरसंबंधाच्या वेळी होणाऱ्या दुखण्याबद्दल, आणि आवाज असा की दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारच्या अर्ध्या गल्लीने उत्तर द्यावं. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. चारचौघांत आपण त्यांना टाळतो आणि अडलं की त्यांच्याकडेच जातो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या मंडळातल्या बायका डबे, कंगवे लुटत. बाईंनी एका वर्षी छोट्या ट्यूब लुटल्या. आठवड्याने दुसऱ्या घरी जमलो, तेव्हा लक्ष्मीबाई नगरच्या एक काकू म्हणाल्या, "भेगांना फार छान आहे हो!"

"टाचांसाठी नव्हती ती," बाई म्हणाल्या. "नवऱ्याजवळ जाताना कोरडेपणाने दुखतं ना, त्यासाठी होती. लावूनही दुखलं तर माझ्याकडे यायचं. सोसणं हा काही सतरावा संस्कार नाही."

सगळ्या जणी एकदम तिळगुळात गुंतल्या. मीही गुंतले, पण माझे कान तापले होते. तीन वर्षं मी नवऱ्याला डोकं दुखतंय म्हणून सांगत होते आणि तो बिचारा दर वेळी बाम आणत होता. घरात नऊ बाटल्या साठल्या होत्या.

आधीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहून सांगितलं होतं, "सब नॉर्मल है. बच्चा हो जाएगा तो ठीक हो जाएगा." म्हणजे मीच थंड, मीच नाटकी, असं मी ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्याच दिवशी बाईंकडे गेले. त्यांनी आधी नुसतं विचारलं. दारात की माजघरात? पाळीतही असंच? शौचाला जाताना? मग म्हणाल्या, "आता तपासते. हात वर केलास की मी थांबणार. कारण सांगायचं नाही."

मी तीनदा हात वर केला. त्या तीनदा थांबल्या. मला टेबलावरच रडू फुटलं.

"रिपोर्ट नॉर्मल असेल, म्हणून तू खोटी नाहीस गं," त्या म्हणाल्या. एमआरआयमध्ये कळलं, गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर त्याच्या मागे, बाहेरच्या बाजूला वाढलं होतं. एंडोमेट्रिओसिस. बाईंनी नवऱ्याला बोलावून घेतलं. "बाम पुरे झाला. यापुढे हिच्या हाताकडे बघायचं."

"यार, मला आधी सांगायचंस ना," तो रिक्षात म्हणाला, आणि घरापर्यंत माझा हात धरून बसला.

औषधं झाली, ऑपरेशन झालं, दुखणं बरंच उतरलं. हाताचा नियम घरात राहिला.

गेल्या वर्षी दवाखाना बंद करून बाई मुलीकडे नाशिकला कायमच्या राहायला गेल्या. आम्ही दोघं निजामुद्दीनला पोचवायला गेलो. गाडी हलली, तरी त्या दारात उभ्या राहून ओरडत होत्या, "गोळ्या चुकवू नकोस!" सगळा फलाट बघत होता.

मी हात वर केला. या वेळी मात्र त्या थांबल्या नाहीत.