दुपारचं इंजेक्शन

आंबा घाट उतरताना एसटीत मला मळमळलं आणि रत्नागिरीत पाय ठेवताच घामानं साडी अंगाला चिकटली. कोल्हापूरच्या शाळेत वीस वर्षं विज्ञान शिकवणारी मी, मे महिन्याची सुट्टी सोडून इथं कशाला आले, असं मलाच वाटलं. टाइप वन डायबेटिस असलेल्या मुलांचं पाच दिवसांचं शिबिर होतं आणि ते भरवणाऱ्या डॉक्टरबाई माझ्या मैत्रीण. त्यांना मदतीला माणसं हवी होती. समाजसेवेची मला भारी हौस. अंगात धमक किती, ते वेगळं.

शिबिर शहराबाहेर कातळावर (जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर) एका वसतिगृहात होतं. सकाळी पेज (पाण्यासकट मऊ शिजवलेला भात) मोजून मिळायची, दुपारी फणसाची भाजी. खाण्याआधी प्रत्येक वेळी बोट टोचायचं, साखर बघायची, मग इंजेक्शन. मुलं हे करता करता एकमेकांच्या खोड्या काढायची. सुई दिसली की तोंड फिरवायची ती मी.

सानिका अकरा वर्षांची, साखरप्याजवळच्या एका वाडीतली. घरी आई दार लावून सकाळ-संध्याकाळ टोचायची. औषधाची बाटली पाण्याच्या मडक्यात लपवलेली. शाळेत कुणाला सांगायचं नाही, त्यामुळे दुपारचं इंजेक्शन नाहीच. दोनदा ती वर्गात कोसळली होती. तिनं स्वतः टोचून घ्यायला शिकावं म्हणून डॉक्टरबाई तिच्यामागे होत्या. "मना नाय जमनार," एवढंच ती म्हणायची.

तिसऱ्या दिवशी जेवणाआधी, सगळ्यांसमोर, तिनं आपल्या हातानं पोटात सुई घेतली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले. मी फोटो काढला आणि कुणाला न विचारता पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

इथल्या बहुतेक वाड्यांचं मुंबईत एक मंडळ असतं, हे मला ठाऊक नव्हतं. कुणीतरी कौतुकानं फोटो पुढं पाठवला आणि संध्याकाळपर्यंत तो सानिकाच्या वाडीच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर होता. तिथं नोकरीला असलेल्या तिच्या वडिलांनी तो पाहिला, मग वाडीतल्या घराघरांनी.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आई आली.

"सगल्यांना सांगितलेला, मामाकडं गेली म्हनून," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "तुमी मुद्दाम केलात नाय, बाई. पन पोरीचा लगीन व्हायचा हाय. लोकां इसरत नायत."

लग्नाला अजून किती अवकाश आहे, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. सानिका पिशवी घेऊन आईबरोबर निघून गेली. उरलेले दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

परतीच्या वाटेवर मी साखरप्याला उतरून त्यांच्या घरी गेले. माफी मागायची होती. खळ्यात (अंगणात) आमसुलं वाळत होती आणि शेजारीण गप्पा मारत बसली होती. मी बोलायच्या आत आईनं तिला सांगून टाकलं, "नाटक बसवनाऱ्या बाई त्या ह्याच."

तो फोटो मामाच्या गावी मुलांनी केलेल्या नाटकाचा, असं वाडीत सांगितलं होतं तर.

"काम बरा केलान हो पोरीनं," शेजारीण मला म्हणाली. "फोटो बगून आमाला खराच वाटला. तुमीच बसवलात काय?"

आई माझ्याकडे बघत होती. पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी असलेली सानिकाही.

"हो," मी म्हटलं. "मीच बसवलं."

सानिकानं तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि ती आत गेली. माफी मागायची राहिलीच.

कोल्हापूरला येऊन महिना होत आला. डॉक्टरबाई दोनदा त्या वाडीत जाऊन आल्या. आईनं त्यांना चहा पाजला आणि पोरगी आता बरी आहे असं सांगून परत पाठवलं. लोक मला विचारतात, कोकण कसं वाटलं? हिरवंगार आहे, असं मी सांगते. आता शाळा उघडतील. सानिका पुन्हा वर्गात कोसळली आणि फोटो आठवून तिथल्या गुरुजींना शंका आलीच, तरी वाडीतलं कुणीही त्यांना सांगेल की ते नाटक होतं, नाटकाच्या बाई स्वतः येऊन सांगून गेल्या.