गोचीड आणला कुणी?

आमच्या लॅबमध्ये जुन्या स्लाइड्स तीन महिन्यांनी टाकून देतात. किस्से टाकून द्यायची मात्र सोय नाही, ते साचतच जातात. मी कर्वेनगरातल्या एका प्राण्यांच्या दवाखान्यात रक्त तपासते. त्यात मी कमी बोलणारी. लोक माझ्यासमोर बिनधास्त बोलतात, म्हणून माझ्याकडचा साठा जरा मोठाच आहे!

*

एक बाई लॅब्रॅडॉर घेऊन आल्या. ताप, जेवण बंद. आमच्या सरांनी विचारलं, "अंगावर गोचीड?"

"छे! आमच्या सोसायटीत गोचीड नसतात."

तेवढ्यात लॅब्रॅडॉरच्या कानातून एक टम्म फुगलेला गोचीड निघाला आणि शांतपणे टेबलावरून चालू लागला.

सर म्हणाले, "मग हा व्हिजिटर असेल. गेटवर सही केली होती का यानं?"

*

खडकीचे एक रिटायर्ड काका काचेच्या बाटलीत सात-आठ गोचीड घेऊन आले. कुत्रा घरीच.

"ह्यांच्यातलं रक्त तपासा. मुक्या जनावराला उगाच सुई कशाला? रक्त त्याचंच आहे ना!"

लॉजिक बिनचूक! मी सरांकडे बघितलं.

"काका," सर म्हणाले, "मला रक्त हवंय. पचलेलं नकोय. कुत्रा आणा."

*

आता सासरचं. आमचं गाव महापालिकेत गेलं, गोठा मात्र गावातच राहिला. गोठ्यात एकच गाय, लाडी. सासूबाईंचा सगळा जीव तिच्यात.

मी संध्याकाळी दवाखान्यातून आले की सासूबाई फाटकातच अडवायच्या. "अगं, हितंच थांब. कापडं झटक आधी. कुत्र्यांचे गोचीड घरात नकोत."

मी ओढणी झटकायची, कुर्ता झटकायची, एका पायावर उड्या मारत चप्पल झटकायची. शेजारच्या काकूंनी एकदा कौतुकानं विचारलं, "झुंबाचा क्लास लावलाय का गं?"

*

आणि लग्नाला दोन महिने होतात न होतात तोच लाडी आजारी पडली. अंग तापलेलं, खांद्यापुढची गाठ सुजलेली, वैरणीला तोंड लावेना.

सासूबाईंनी निदान जागेवरच केलं. "हिच्या कापडांतनंच आलंय हे. लाडीचं काय बरंवाईट झालं, तर ही नोकरी बंद!"

नवरा म्हणाला, "आई, असं नसतं."

"मग कसं असतंय?"

नवऱ्याला तेवढ्यात फोन आला. रिंग मात्र कुणालाच ऐकू आली नाही.

*

मी सरांना घेऊन आले. त्यांनी लाडीच्या कानातून रक्त घेतलं, स्लाइड मी लॅबमध्ये रंगवली. लाल पेशींमध्ये बारीक ठिपके आणि इवल्या अंगठ्या. थायलेरिया. नाव कळलं, म्हणजे औषध कळलं! गाईच्या रक्तात परजीवी दिसल्यावर हायसं वाटलेली पुण्यातली पहिली सून मीच असेन.

इंजेक्शन देताना सरांनी सासूबाईंना समजावलं. "कुत्र्याचा गोचीड वेगळा, गाईचा वेगळा. लाडीला हा आजार गाईच्या गोचिडानंच दिलाय. लहान असताना तो आजाराचे परजीवी असलेल्या गाईचं रक्त पितो. मग खाली पडतो, भिंतीच्या फटीत बसून कात टाकतो. मोठा झाला की दुसऱ्या गाईला चिकटतो आणि आपल्या थुंकीतून ते परजीवी तिच्या अंगात सोडतो."

"आन् त्या पहिल्या गाईला काय होत नाय व्हय?"

"ती कधीतरी आजारातून उठलेली असते. दिसते ठणठणीत. रक्तात मात्र परजीवी असतात."

"असंल," सासूबाई म्हणाल्या. "पण आमच्याकडं आला कुठनं?" आणि माझ्याकडे बघितलं.

*

चार दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. पाचव्या दिवशी सकाळी लाडीनं कडब्याची पेंढी ओढली. थोड्या वेळानं चक्क रवंथ करत बसली!

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "डोळ्यात कडब्याचं कुसळ गेलं."

त्या कडब्यापासून चांगल्या दहा फुटांवर उभ्या होत्या.

*

सर शेवटचं तपासायला आले. लाडीला थोपटलं, गोठ्याच्या भिंतीतल्या फटी बोटानं चाचपल्या आणि विचारलं, "गेल्या तीन-चार महिन्यांत बाहेरची गाय बांधली होती का इथं?"



आमच्या लग्नाआधी सासूबाईंच्या भावाचा गोठा रस्तारुंदीत गेला होता. त्यांची गाय महिनाभर इथंच, लाडीशेजारी होती. हे नवऱ्याला माहीत होतं. तो चपलेचा पट्टा नीट करायला वाकला, तो वाकलेलाच राहिला. शेजारच्या काकूंकडून माहीत तर मलाही झालं होतं. मी भिंतीकडे बघत राहिले.

सासूबाई बराच वेळ लाडीची मान खाजवत होत्या.

"होती," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरची."

मग माझ्याकडे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "उद्या डब्याला काय देऊ गं तुला?"