सुलाबाईचा अकरा मिनिटांचा सूड

आटपाडीकडच्या माळावर सुलाबाईची वस्ती आहे. पत्र्याचं दोन खणांचं घर, पुढं बाभळ, मागं मेंढरांचा वाडा. नवरा धुळा वर्षातले सहा-सात महिने मेंढरं घेऊन कराडच्या बाजूला चाराईला असतो. सुलाबाईची शाळा चौथीतच सुटली, आणि पन्नाशीपर्यंत तिनं मेंढरं, ज्वारी आणि सासू यांच्यापलीकडं काही केलं नव्हतं. मग ती यूट्यूबवर दिसायला लागली.

तिची भाची सोनिया विश्रामबागच्या कॉलेजात माझ्याकडं तत्त्वज्ञान शिकत होती. बरीचशी हकीकत मला तिनं सांगितली, उरलेली खुद्द सुलाबाईनं. या प्रकरणात माझाही हात लागला होता, हे मला फार उशिरा कळलं.

कडेगावचा यशराज खेडेगावातल्या गोष्टींची मालिका करायचा. घरचा ऊस होता, वडील आकाराम सैन्यातून सुभेदार होऊन आलेले, त्यामुळं पोराला कामाची घाई नव्हती. माळावरचा खरा चेहरा शोधत तो सुलाबाईच्या वस्तीवर आला आणि दोन वर्षं तिथंच शूटिंग करत राहिला. सुलाबाईला काम जमलं. तिला ते आवडलंही. बाजारात बायका वळून बघायच्या.

एकदा दोन शॉटच्या मधे चहा पिता पिता तिनं त्याला सासूची गोष्ट सांगितली. बनुबाईला घोणस चावली तेव्हा घरात दोघीच होत्या. सुलाबाई अनवाणी सडकेपर्यंत धावली, जीप थांबवली, पण दवाखान्यात पोचायच्या आत म्हातारी गेली. एवढं सगळ्या गावाला माहीत होतं. जे कुणालाच माहीत नव्हतं ते तिनं यशराजला सांगितलं. धावायच्या आधी ती क्षणभर दारात थांबली होती. म्हातारीनं तिला आयुष्यभर छळलं होतं, आणि त्या क्षणी तिच्या मनात आलं होतं, सुटले. मग ती धावली. हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. यशराजनं मान हलवली. सांगून बरं वाटलं, असं तिला तेव्हा वाटलं.

पुढच्या महिन्यात त्यानं तिला दाराला पाठ लावून बसवलं. समोर बाभळीकडं बघा, बोलू नका, एवढंच सांगितलं. तिनं तसं केलं. एपिसोड आला तेव्हा तिच्या पाठीमागून म्हातारीचा आवाज येत होता, सुले, साप चावला, दार उघड. दाराची कडी दिसत होती, ती बाहेरून लावलेली. आणि सुलाबाई शांतपणे बाभळीकडं बघत बसली होती. पात्राचं नावही सुलीच.

तीन लाख लोकांनी ते बघितलं. जतहून धाकटी नणंद आली, ओसरीवर न बसता उभ्यानंच म्हणाली की आईचं खरं काय झालं ते एकदा सांग, आणि उत्तर न ऐकताच गेली. बाजारातल्या बायका आता तिला बघून गप्प व्हायच्या. धुळा चाराईहून परतला तो वाटेतच कुणाच्या तरी मोबाईलवर बघून आला होता. त्यानं अंथरूण उचलून वाड्यापाशी नेलं, तीन दगडांची चूल मांडली आणि स्वतःच्या भाकरी स्वतः थापायला लागला.

सुलाबाई कडेगावला गेली. एपिसोड काढून टाक म्हणाली. आजवरचा तो सगळ्यात चाललेला एपिसोड होता.

"मावशी, ती गोष्ट हाय," यशराज म्हणाला. "गोष्टीतलं जग येगळं असतं. तिथली सुली म्हंजे तुमी न्हाई."

"तोंड माजं हाय. घर माजं हाय."

"लोकान्ला कळत न्हाई, त्याला मी काय करू?"

परतल्यावर तिनं सोनियाला बोलावून घेतलं आणि विचारलं, हे येगळं जग म्हणजे काय. सोनियानं वर्गात लिहून घेतलेलं होतं ते समजावून सांगितलं. आपलं जग आहे तसंच असायला हवं होतं असं नाही. ती घोणस त्या दिवशी दुसऱ्या वाटेनं गेली असती, असंही एक जग असू शकतं. अशी शक्य जगं मोजता येणार नाहीत इतकी आहेत. गोष्ट सांगणारा त्यातलं एक उचलतो. पण सगळं काही तो सांगू शकत नाही, म्हणून जेवढं त्यानं बदललेलं नसतं तेवढं ऐकणारा आपल्या जगासारखंच धरून चालतो. हे शेवटचं वाक्य माझं. फळ्यावर लिहून मी ते अधोरेखित केलं होतं.

सुलाबाईनं ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "म्हंजे समदं खरं ठेवायचं आन् येकच बदलायचं. मग बदललेलंबी खरं वाटतं."

दुसऱ्या दिवशी तिनं सोनियाला मोबाईल घेऊन यायला सांगितलं.

यशराजचे वडील सहा महिन्यांपूर्वी वारले होते. त्या दिवशी शूटिंग वस्तीवरच होतं. आकारामांना घरी झटका आला, आईनं यशराजला नऊ वेळा फोन केला, आणि फोन आवाज बंद करून बॅगेत पडला होता. दुपारी जेवायला थांबले तेव्हा त्यानं तो बाहेर काढला. आईला उलटा फोन लावला आणि बातमी ऐकताच तो कोसळला. त्याला धरलं होतं सुलाबाईनंच, पाणीही तिनंच पाजलं. त्यानं फोन बघितला नव्हता हे तिच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं.

यशराजची भूमिका सोनियाचा थोरला भाऊ अमृत यानं केली. तशीच दाढी, तसाच निळा गमछा, बोटं मोडायची तीच सवय, तसलीच बुलेट. सुभेदार बाप, ऊस, माळावरचं शूटिंग, सगळं जसंच्या तसं. बदललं ते एकच. फोन येतो, पोरगा बॅगेतून काढतो, पडद्यावर आई हे नाव वाचतो आणि पुन्हा बॅगेत ठेवतो. नऊ वेळा. सोनिया म्हणाली, आत्ती, हे खोटं आहे. सुलाबाईनं विचारलं, माझं खरं होतं का?  सोनियानं शूट केलं. अकरा मिनिटांचा भाग झाला, तो यूट्यूबवर टाकला.

सुलाबाईला लोक ओळखतच होते, त्यामुळं तो पसरायला दोन दिवसही लागले नाहीत. कडेगावात घराघरात गेला. चुलत्यांनी यशराजशी बोलणं टाकलं. आई विजयमाला यांनी जेवणाचं ताट त्याच्यापुढं सरकवलं आणि विचारलं, तू बघितला होतास का फोन? त्यानं शपथ घेतली. आठवड्यानं त्या वाईला माहेरी निघून गेल्या.

यशराज वस्तीवर आला तेव्हा त्याची दाढी अस्ताव्यस्त वाढली होती. सुलाबाई मेंढरांना पाणी दाखवत होती.

"मावशी, तुमच्यासमोर झालंय समदं. तुमी मला धरलं होतं."

"व्हय, धरलं होतं."

"मग असं का केलंसा?"

"ती गोष्ट हाय रं," सुलाबाई म्हणाली. "तिथला पोरगा तू न्हाईस."

तो तिथंच मातीत बसून रडायला लागला. तिच्यासमोर त्यानं स्वतःचा एपिसोड काढून टाकला, सगळीकडून, आणि मोबाईल तिला दाखवला. आता तुमचा काढा म्हणाला. तिनं पाण्याची बादली उचलली आणि ती वाड्यात गेली. मला तिनं हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज जराही हलला नाही. त्याला रडताना बघून जिवाला गार वाटलं, म्हणाली. त्याचा एपिसोड आल्यापासून पहिल्यांदा भूक लागली.

यशराजनं मालिका बंद केली. तो आता पुण्यात लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. धुळानं एका सकाळी चुलीचे तीन दगड लाथेनं उधळले आणि तिला विचारलं, तू दारात थांबली होतीस का? तिनं सांगितलं, थांबले होते, एक श्वासभर. मग धावले. त्यानं वाड्यातली मेंढरं सोडली आणि ती घेऊन माळावर गेला. संध्याकाळी तिनं थापलेली भाकरी त्यानं खाल्ली. अंथरूण मात्र अजून वाड्यापाशीच आहे.

गेल्या उन्हाळ्यात विट्याच्या स्टँडवर सुलाबाईला विजयमाला भेटल्या. जमिनीच्या कागदावर सही करून त्या वाईला परत चालल्या होत्या. बाकावर शेजारी येऊन बसल्या. वाळल्या होत्या. इकडचं तिकडचं काही न बोलता त्यांनी सरळ विचारलं.

"सुलाबाई, तुमी तिथं होता. त्यानं बघितला होता का वो फोन? तुमी सांगाल ते मी खरं मानीन."

एका शब्दाचं काम होतं. आटपाडीची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. सुलाबाई उठली, पदर खोचला.

"मला काय ठावं, वैनी," म्हणाली, आणि गाडीत चढली.

खिडकीतून तिनं मागं बघितलं. विजयमाला तशाच बसल्या होत्या, पिशवी मांडीवर धरून. त्यांची वाईची गाडी शेजारीच लागली होती, ती आधी सुटली, तरी त्या उठल्या नाहीत.